लॉनवरचे डाग आणि व्हर्नाताईंचं भांडं

एल्म प्रेअरी, मिनेसोटा
ऑगस्टचा शेवटचा गुरुवार

आदरणीय व्हर्नाताई यांना,

एल्रॉयचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर पुन्हा सरळ व्हायला हल्ली मला वेळ लागतो, तेव्हा हा नमस्कार जरा लांबलेला आहे असं समजावं.) तुमचा नवा खुबा कसा आहे? तुम्ही काठी कपाटात टाकून दिलीत आणि डॉक्टरलाच व्यायामाचे धडे देता, असं आमच्या सिग्नेकडून कळलं. बरं वाटलं. ॲरिझोनातल्या उन्हाळ्याची चौकशी करत नाही, कारण मागच्या खेपेला केली तेव्हा तुम्ही फोनवर पाऊण तास बोललात आणि माझा बटाटा करपला. तुमच्या अंगणातली खडी आणि ते निवडुंग कुशल असतीलच. ताई, तुम्ही मिनेसोटा सोडून तिकडे गेलात आणि अंगणात खडी अंथरलीत, तेव्हा मी हसलो होतो. (इतका, की आर्लिसने, तुमच्या बहिणीने, मला टेबलाखालून लाथ मारली होती.) ते हसणं मी आज लेखी परत घेतो. खडीला डाग पडत नाहीत. खडीला बुरशी येत नाही, खडीची मुळं हुमणी अळी खात नाही आणि खडीकडे बघून कोणाची विहीणबाई भुवया उंचावत नाही. तुम्ही शहाण्या निघालात.

इकडचं विचाराल तर मी जिवंत आहे. लॉनबद्दल तसं सांगता येत नाही.

तुम्हाला अर्धं ठाऊक आहे, पण दुःख सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं माणूस उगाच रडतोय. सिग्नेचं लग्न सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या मागच्या अंगणात, मेपलच्या झाडाखाली करायचं, हे आर्लिसने ठरवलेलं. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात पलंग खिडकीशी हलवला होता ना, तेव्हा बाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाली, "एल्रॉय, पोरीचं लग्न ह्या अंगणात कर. चर्चच्या तळघरात नको. तिथे नवरी काय नि केक काय, सगळ्यांना कॉफीचा वास येतो." तेव्हा पोरीचं कुठे जमलेलंही नव्हतं. मी हो म्हणालो. तिला दिलेल्या शब्दांपैकी हा एकच पाळायचा राहिला होता, आणि तो पाळायला माझ्याकडे होतं काय, तर लॉन.

आणि लॉन होतं हो! फुशारकी मारत नाही. ज्याने हयातभर जिल्ह्याच्या रस्त्यांवर पांढरे-पिवळे पट्टे मारले त्याला सरळ रेघ म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. मी गवत कापायचं मशीन तिरकं चालवतो, एका आठवड्याला ईशान्येकडे, दुसऱ्या आठवड्याला वायव्येकडे. आमचं घर कोपऱ्यावरचं, मागचं अंगण बाजूच्या रस्त्यावरून दिसतं, तिथे लोक गाड्या हळू करून बघत. त्या रस्त्यापलीकडचा डुएन पेल्की तर माझं लॉन बघावं लागू नये म्हणून स्वतःच्या दारात पाठमोरी खुर्ची टाकून बसे.

आमच्या व्याह्यांना मात्र घरगुती लग्नाची धास्ती. डॉक्टर व्हिटकोम मोठ्या शहरात लोकांचे वाकडे दात सरळ करतात, आणि त्यांचा एक क्लब आहे, तळं, गोल्फ आणि पांढऱ्या खुर्च्यांचा. विहीणबाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं, की क्लब आम्ही नुसता धरून ठेवलाय, अडीनडीला. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी येईन, अंगण बघेन, मग सोडायचा की नाही ते ठरवू. म्हणजे लॉन उत्तम असेल तर आर्लिसची इच्छा, आणि नसेल तर गोल्फ. मी म्हटलं या, खुशाल या, डोळे दिपतील. हे मी मे महिन्यात म्हटलं.

जूनच्या अखेरीस पहिला डाग दिसला.

लांबट, तपकिरी, पसरट बशीएवढा. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढे एक. मग आणखी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गॅरेजसमोरच्या काँक्रीटपासून ऑटिलीबाईंच्या कुंपणापर्यंत लॉनला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. (ऑटिलीबाई म्हणजे शेजारच्या. चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात त्या. त्यांचे यजमान हार्लन आर्लिसच्या आधी वर्षभर गेले. तुम्ही त्यांना आर्लिसच्या अंत्यविधीला भेटला आहात, भट्टीत भाजलेला बटाट्याचा तो कुरकुरीत हॉटडिश त्यांनीच आणला होता.)

डुएनने पाठमोरी खुर्ची त्याच दिवशी सरळ फिरवली. मग रस्ता ओलांडून आला, खिशात हात घालून उभा राहिला आणि तोंडावर दुःख आणत म्हणाला, "हुमणी आहे लेका. ओढून बघ. गालिच्यासारखं वर आलं की समज संपलं." मी ओढलं. येईना. जोर लावला. तरी येईना. मग दोन्ही हातांनी असं ओढलं की मूठभर गवत हातात आणि मी पाठीवर. डुएनने त्याचंही निदान केलं, म्हणाला तुझी मुळं ढिली झाली आहेत. मी इरेला पेटून कुदळीने चौकोन कापून लॉन पोळीसारखं उलटं केलं. खाली एक हुमणी सापडली. एकच. पांढरी, अंग मुडपून पडलेली, आणि मला वाटतं तिला स्वतःलाच आपण चुकीच्या घरी आल्यासारखं झालं होतं. तरी मी औषध टाकलं, कारण इतकं खणल्यावर काही टाकलं नाही तर माणूस वेडा दिसतो. चौकोन जिथे जिथे कापले तिथे नवे डाग पडले, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मग कुत्र्यावर आळ आला. ऑटिलीबाईंची डॉली, म्हातारी, अर्धी आंधळी, कुंपणाच्या फाटकातून इकडे येते. डुएन म्हणे सरळ आहे, कुत्री लघवीला बसते तिथे गवत जळतं. ताई, मी सहसा आवाज चढवत नाही, पण त्या मुक्या जनावराच्या बाजूने मी भर रस्त्यात जे भाषण केलं त्याला डुएनची बायको पेल्कीण बाहेर येऊन ऐकत उभी राहिली. कुत्रीने केलेल्या डागाच्या कडेला गर्द हिरवं कडं उगवतं, खत मिळाल्यासारखं, आणि माझ्या डागांना कडं नव्हतं. हे शास्त्र आहे, ह्यात भावनेचा प्रश्न नाही. तरी त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन सांगून आलो, की डॉलीबद्दल कोणी काही बोललं तर मनावर घेऊ नका. (त्यांचं भांडंही द्यायचं होतं.)

भांड्याचं सांगायला हवं, नाहीतर तुमचा गैरसमज होईल. अंत्यविधीनंतर माझ्या स्वयंपाकघरात सगळ्या गावची भांडी साचली होती, आणि तुम्हीच, व्हर्नाताई, प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिलंत आणि जाताना मला बजावलंत, "एल्रॉय, एकही भांडं रिकामं परत करायचं नाही. आमच्या घराण्यात ते चालत नाही." मी तुमचा शब्द पाळला. बाकीच्यांची भांडी टोमॅटो घालून परत केली, ती मिटली. पण ऑटिलीबाईंच्या घराण्यातही रिकामं परत करणं चालत नाही. मी भांडं आणि टोपलीभर टोमॅटो नेले, त्यांनी त्याच टोपलीत लिंबाच्या वड्या घालून पाठवल्या. टोपली आली ती माझी, पण वड्यांखालचं भांडं त्यांचं. मी त्यात काकड्या नेल्या. त्यांनी रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या पाठवल्या. ह्याला आता तीन वर्षं झाली, आणि ह्यातून सुटायचं कसं हे दोन्ही घराण्यांत कोणाला माहीत नाही. तेव्हा बारकाईने बघितलं तर मूळ दोष तुमच्याकडे जातो.

असो. लॉनकडे वळतो.

पाणी कमी पडतंय, असं चर्चच्या पायरीवर ठरलं. गवताला बोटभर खोल पाणी मिळतं की नाही हे बघायला लॉनवर ट्यूना माशाचे रिकामे डबे मांडतात आणि फवारा सोडतात. डबे रिकामे हवेत. म्हणून मी आठवडाभर ट्यूना खाल्ला. सकाळी पावावर, दुपारी शेवयांत. शेवटी उरलेला ऑटिलीबाईंनी हॉटडिशमध्ये संपवला, म्हणजे आम्ही दोघांनी संपवला. डबे मांडले, फवारा सोडला, डबे भरले, आणि लॉनला काय झालं? लॉनला ट्यूनाचा वास आला आणि रस्त्यावरची सगळी मांजरं आली.

मग ढेकणाच्या जातीचा एक किडा गवताचा रस पितो असं कळलं. तो पकडायचा तर कॉफीच्या डब्याची दोन्ही बुडं कापून तो डबा जमिनीत रोवायचा, पाणी भरायचं आणि वाट बघायची, किडे तरंगत वर येतात. मी रोवला. डुएन दोन बियर घेऊन आला आणि आम्ही दोघं एका डब्याकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने एक मुंगी वर आली, पोहत कडेला गेली आणि निघून गेली. डुएन म्हणाला, "हिने तर नाही ना खाल्लं एवढं?" ताई, मी त्या क्षणी मनातून पार खचलो होतो. माणूस हसावं की रडावं ह्या ठिकाणी येतो ना, तिथे मी कॉफीचा डबा घेऊन बसलो होतो.

बुरशीचं औषधही मारलं. त्याच्या वासाने चर्चमध्ये माझ्या बाकावर माझ्या दोन्ही बाजू मोकळ्या राहिल्या. पेल्किणीने मुद्दाम खोचून विचारलं, की तणनाशकाच्या पंपातून तर नाही ना मारलंत? मला राग आला. रस्ते-खात्याचा माणूस मी, माझे दोन पंप वेगळे, दोन रंगांचे, दोन खिळ्यांना टांगलेले. तणनाशक मी फक्त गॅरेजसमोरच्या काँक्रीटच्या भेगांत मारतो. लग्नाला पाहुणे येणार, भेगांत गवत कसं चालेल? दर शनिवारी, वारा पडलेला असताना, पुठ्ठा आडवा धरून, अंगठ्याएवढी धार. माझ्या हिरवळीवर त्याचा थेंबही उडालेला नाही, हे मी चर्चमध्ये शपथेवर सांगायला तयार होतो. आणि सांगितलंही, कॉफीच्या वेळेला, सगळ्यांसमोर. का कोण जाणे, दोघा-तिघांनी कपात तोंड घातलं.

शेवटी जिल्ह्याच्या शेती कार्यालयाकडे गवताचा एक गोळा पिशवीत घालून पाठवला. त्यांच्याकडून उत्तर आलं, की रोग नाही, कीड नाही. डाग कुठल्या आकारात पसरले आहेत ते उंचावरून बघा. उंचावरून! आमच्या घरात मागचं अंगण उंचावरून दिसतं ते एकाच खिडकीतून, आर्लिसच्या शिवणाच्या खोलीच्या. त्या खोलीचा पडदा मी तीन वर्षं उघडलेला नाही. धूळ काढायला जातो आणि डोळे खाली ठेवून बाहेर येतो. गवतासाठी तो उघडायचं मला जमलं नाही, ताई. मी ते उत्तर घडी घालून ठेवलं आणि आणखी थोडं खत टाकलं.

आणि ऑगस्टचा पहिला रविवार उजाडला.

सिग्ने आणि विहीणबाई मोटारीतून उतरल्या. विहीणबाईंच्या अंगावर फिकट पिवळं, पायात टाचांच्या चपला, ज्या लॉनमध्ये रुतल्या, म्हणजे रुतण्यापुरतं लॉन अजून होतं. त्यांनी एकवार नजर फिरवली आणि म्हणाल्या, "किती... नैसर्गिक आहे!" मी समजलो. क्लबचं तळं, क्लबच्या खुर्च्या सगळं माझ्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. सिग्ने माझ्याकडे बघत नव्हती. मग त्यांना नवरीची तयारी करायची खोली बघायची होती. सिग्ने त्यांना वर घेऊन गेली, आईच्या शिवणाच्या खोलीत, आणि मी जिन्यात असतानाच पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज ऐकला.

टाचांचा आवाज खिडकीशी गेला. मग विहीणबाईंचा आवाज, अगदी कुतूहलाचा. "सिग्ने, ही पावलं आहेत का गं?"

मी वर गेलो. ताई, खिडकीतून सगळं स्वच्छ दिसत होतं. इतकं स्वच्छ, की रस्ते-खात्यात असतो तर साहेबाने शाबासकी दिली असती. गॅरेजसमोरच्या काँक्रीटपासून तपकिरी पावलं निघत होती, एका मागोमाग एक, माणसाच्या ढांगेच्या अंतराने, आणि सरळ रेघेत ऑटिलीबाईंच्या फाटकाशी पोचत होती. एक ओळ नव्हे, ओळींवर ओळी, शनिवारांमागून शनिवारांच्या. आणि प्रत्येक डावं पाऊल बाहेर वळलेलं. माझ्या डाव्या पायावर रंगाचं पिंप पडलं तेव्हापासून तो तसा पडतो हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. पुठ्ठा धरून मी थेंब उडू दिला नव्हता हे खरंच आहे. पण फवारल्यावर त्याच ओल्या भेगांवरून, त्याच खाचांच्या रबरी बुटांनी, मी दर शनिवारी भांडं घेऊन तिरका लॉनमधून जात होतो. (सकाळी, कारण वड्या ताज्या असतात.) हुमणी मी, बुरशी मी, ढेकूणही मीच.

सिग्नेने पुष्कळ वेळ बघितलं आणि म्हणाली, "बाबा, सगळी पावलं तिकडे जाणारी आहेत. परत कधी आलात?"

ह्याला सरळ उत्तर आहे. जाताना बूट ओले असतात, लॉन संपेपर्यंत ते पुसले जातात, आणि ऑटिलीबाई बूट पायरीवर काढायला लावतात. येताना कोरड्या बुटांनी माणूस येतो, त्याचा ठसा कसा पडणार? हे मी दोघींना नीट समजावून सांगितलं. सांगताना माझं मलाच कळत होतं की मी जितकं समजावतोय तितकं ते वाईट होत चाललंय.

विहीणबाई खिडकीतून हलेनात. समोरच्या छपरावर डुएन पन्हळीतला पाला काढत होता, त्याने आम्हाला बघून टोपी हलवली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस जुलैपासून छपरावर चढतोय. त्याला पहिल्यापासून दिसत होतं. त्याने फक्त बायकोला सांगितलं, असं त्याचं म्हणणं, आणि पेल्किणीने फक्त चर्चमध्ये सांगितलं. म्हणजे मला हुमणी, ढेकूण, ट्यूना सुचवणाऱ्या प्रत्येकाला काय झालंय हे ठाऊक होतं. "एल्रॉय गेला तो गेलाच, परत काही येत नाही," असं म्हणून ही मंडळी महिनाभर कपात तोंड घालत होती. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण त्या जमिनीवर आधीच एवढी औषधं होती.

सिग्ने खाली गेली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ऑटिलीबाईंचं भांडं होतं, धुतलेलं. तिने ते उचललं, त्यात ओट्यावरचे टोमॅटो भरले, मागच्या दाराने बाहेर पडली आणि त्या तपकिरी पावलांवर पाऊल टाकत टाकत फाटकातून आत गेली. मी वरून बघत होतो. बापाची ढांग तिला पुरत नव्हती, मध्ये मध्ये उडी मारावी लागत होती. लहानपणी बर्फात माझ्या मागून अशीच यायची.

ती बराच वेळ आली नाही. मी विहीणबाईंना कॉफी दिली. त्यांनी आधी हवेबद्दल विचारलं, मग खुर्ची पुढे ओढून विचारलं, "मि. टॉर्गर्सन, त्या बाई वड्या कुठल्या कुठल्या करतात?" मी सांगत गेलो. सिग्ने परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि भांड्यात रूबार्बच्या वड्या होत्या. तिने भांडं टेबलावर ठेवलं आणि विहीणबाईंना म्हणाली, "लग्न इथेच होईल. क्लब सोडून द्या." विहीणबाईंनी दोन वड्या खाल्ल्या, तिसरी रुमालात घेतली आणि क्लब सोडला. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी आपल्या बहिणीला फोन लावलेला मी काचेतून बघितला. लग्नाला ती बहीणही येतेय, खास लॉन बघायला.

तुम्हाला वाटेल, मग रडतोयस कशाला? ऐका. डाग लग्नाआधी भरायचे तर मेलेलं गवत उपटायचं, माती मोकळी करायची आणि नवं बी टाकायचं. आम्ही तसंच केलं. प्रत्येक पाऊल उपटलं, प्रत्येक पावलात बी पेरलं. ऑटिलीने बादली धरली, मी ओणवा. पाणी घातलं आणि चिखलाच्या पायांनी तिच्या फाटकापासून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन कॉफी प्यायलो. लवकर उगवेल ते बी मागितलं होतं. लवकर उगवलं. पण माझं जुनं लॉन उन्हाने फिकट पडलंय आणि हे नवं गवत आहे पोपटासारखं. परिणाम असा, की पूर्वी जी पावलं वरच्या खिडकीतूनच दिसत ती आता रस्त्यावरूनही दिसतात, हिरवीगार, चमकणारी, डावं पाऊल बाहेर वळलेलं. लोक पुन्हा गाड्या हळू करतात. पाद्रीबुवांनी परवा थांबून फोटो काढला. लग्नाच्या दिवशी सव्वाशे माणसं माझ्या कोवळ्या भानगडीच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून बसणार आहेत, आणि ह्यावर जगात औषध नाही. कार्यालयाला विचारलं. ते म्हणाले, सुंदर उगवण आहे.

तर लॉनची अशी दुर्दशा. खुब्याला जपा. विमानात उशी मागून घ्या, कोणी आपणहून देत नाही.

तुमचा दुर्दैवी मेहुणा,
एल्रॉय

ता. क. सिग्ने शनिवार-रविवारसाठी आज लवकर आली आणि तिने हे पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं. म्हणते, "बाबा, एवढं गवत लिहिलंत, आणि जे लिहायचं ठरलं होतं ते कुठे आहे?" ठरलं होतं ते असं. तिला स्वतःला हरकत नाही. पण तिच्या मावशीला, म्हणजे तुम्हाला, मी सांगायचं, आणि फोनवर नाही, कारण फोनवर मी हवेवर बोलून ठेवून देतो. तर सांगतो. पहिल्या रांगेत एक खुर्ची आर्लिससाठी मोकळी राहील, तिच्यावर तिचा निळा रुमाल असेल. एका बाजूला मी बसेन. दुसऱ्या बाजूला तुम्ही. आणि तुमच्या पलीकडे ऑटिलीने बसावं असं मला वाटतं. तिचं म्हणणं, आपण मागे, लग्नासाठी अंगणात आणणार आहेत त्या छोट्या ऑर्गनशी बसू, व्हर्नाताईंना बरं वाटणार नाही. मला ती मागे बसायला नको आहे. आर्लिसची आठवण येत नाही असा माझा एक दिवस जात नाही, आणि शनिवारची वाटही मी बघतो. दोन्ही खरं आहे. हे कसं लिहायचं ते कळेना म्हणून हुमणीपासून सुरुवात केली.

ता. क. २. सोबत खोक्यात तुमचं काचेचं भांडं पाठवतोय. अंत्यविधीला तुम्ही त्यात चिकन-भात आणला होता, बुडाला तुमच्याच अक्षरात "व्हर्ना" आहे. सगळ्यांची परत केली, तुमचं तेवढं राहिलं, कारण तुम्हाला काय भरून पाठवावं हे मला तीन वर्षं सुचलं नाही. आता त्यात रूबार्बच्या वड्या आहेत. कोणी केल्या ते विचारू नका. लग्नाला येताना भांडं घेऊन या. भरून आणलंत तर खुर्ची तुमच्या पलीकडे मांडतो. रिकामं आणलंत तर मी समजेन, एक अक्षर बोलणार नाही आणि ऑर्गनशी एक चांगली उशी ठेवीन.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सिग्नेने वरच्या खिडकीतून हाक मारली. मी गेलो. (तो पडदा आता उघडाच असतो.) पेरणीच्या दिवशी आमच्या बुटांना चिखलाबरोबर बी चिकटलं होतं म्हणे, आणि ते आता उगवलंय. फाटकापासून माझ्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत हिरव्या पावलांची नवी ओळ आलीय. "बघा, आलात की परत!" सिग्ने म्हणाली. डावं पाऊल बाहेर वळलेलं आहे, म्हणजे मीच. पण शेजारी, अगदी जवळून, छोटी पावलंही आलीत. ती आता लग्नापर्यंत काही केल्या जाणार नाहीत, ताई, मी कापूनही बघितली.